सहा सेकंद आणि छोटा डग

दोस्तांनो, घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत एक ते सहा आकडे मोजा पाहू. झाले? एवढ्याशा वेळात काय होऊ शकतं? साधी चप्पलसुद्धा घालून होत नाही, म्हणाल तुम्ही! पण अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या मुलानं एवढ्याच वेळात हरलेला सामना जिंकून दाखवला. त्याचं नाव डग फ्लूटी.

गोष्टीआधी थोडं खेळाविषयी. फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पेले आणि मॅराडोना येतात. अमेरिकन फुटबॉल मात्र अगदी वेगळा. त्याचा चेंडू अंड्यासारखा लांबट असतो आणि तो पायापेक्षा हातानंच जास्त खेळला जातो. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर जाडजूड पॅड. चार प्रयत्नांत चेंडू निदान दहा यार्ड पुढे न्यायचा. (एक यार्ड म्हणजे तीन फूट.) नाही जमलं, तर चेंडू समोरच्यांच्या ताब्यात. असं करत शेवटची रेषा ओलांडली की झाला टचडाऊन, म्हणजे सहा गुण!

या संघाचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक. प्रत्येक डावात चेंडू आधी त्याच्या हाती येतो. तो कुणाकडे द्यायचा, किती लांब फेकायचा, की आपणच घेऊन पळत सुटायचं, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. तेही समोरून धिप्पाड गडी अंगावर धावून येत असताना! त्याच्यापुढे दोन्ही संघांच्या ताडमाड खेळाडूंची भिंतच उभी असते. म्हणूनच क्वार्टरबॅक उंच हवा, असं सगळे प्रशिक्षक मानत.

आणि इथेच डगचं घोडं अडलं. त्याची उंची होती जेमतेम पाच फूट दहा इंच. आपल्याकडे ही उंची बरीच म्हणायची, पण त्या राक्षसांमध्ये तो अगदी चिमुरडा दिसायचा!

डगचा जन्म २३ ऑक्टोबर १९६२ चा, मेरीलँड राज्यातला. तो सहा वर्षांचा असताना त्यांचं घर फ्लोरिडात हललं. वडील विमान आणि अवकाश उद्योगात इंजिनियर होते. पुढे अवकाश कार्यक्रमाचा जोर ओसरला आणि १९७६ मध्ये हे कुटुंब मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिक गावी आलं. तिथल्या शाळेत डगनं फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल असे तिन्ही खेळ गाजवले.

अमेरिकेत चांगल्या खेळाडूंना कॉलेजं शिष्यवृत्ती देऊन बोलावतात. डगला वाटलं, आपल्यालाही बोलावणी येतील. पण पहिल्या दर्जाच्या कॉलेजांपैकी फक्त एकानं त्याला विचारलं, ते म्हणजे बॉस्टन कॉलेज. बाकीच्यांचं एकच पालुपद : ‘खेळतो छान, पण बुटका आहे!’

बॉस्टन कॉलेजातही पहिल्या वर्षी त्याच्यापुढे इतर क्वार्टरबॅक होतेच. त्याचं काम बाकावर बसून वाट बघायचं. १९८१ मध्ये पेन स्टेट या तगड्या संघाविरुद्ध बॉस्टनची दाणादाण उडाली. सामना हातचा गेलाच होता, तेव्हा प्रशिक्षक जॅक बिकनेल यांनी डगला आत पाठवलं. सामना काही वाचला नाही, पण डगनं पास फेकून टचडाऊन मिळवून दिला. त्यानंतर संघात त्याची जागा पक्की झाली.

भिंतीपलीकडचं दिसत नाही ना? मग डग एका जागी उभाच राहायचा नाही! चेंडू हातात आला की तो डावीकडे-उजवीकडे पळत मोकळी फट शोधायचा आणि पळता पळताच पास फेकायचा. त्याला पकडायला जाणारे धाडकन एकमेकांवर आदळायचे.

आता चला २३ नोव्हेंबर १९८४ च्या दुपारी, मायामीच्या ऑरेंज बोल स्टेडियमवर. समोर मायामीचा संघ, १९८३ चा राष्ट्रीय विजेता. सामना असा रंगला की विचारू नका! शेवटची २८ सेकंद उरली असताना मायामीनं टचडाऊन केला आणि गुणफलक झाला ४५-४१. बॉस्टनला जिंकायला टचडाऊनच हवा होता आणि त्यासाठी ऐंशी यार्ड कापायचे होते. डगचे दोन पास जमले, एक वाया गेला. राहिले ४८ यार्ड आणि सहा सेकंद.

आता एकच डाव उरला होता. आपले सगळे पळणारे शेवटच्या रेषेकडे धाडायचे आणि चेंडू तिथे उंच फेकायचा. सरावात त्यांनी हा डाव घोटला होता. चेंडू हातात येताच डग मागे सरकला. एक गडी अंगावर आला, त्याला चुकवत तो उजवीकडे पळाला. मागे सरकता सरकता शेवटची रेषा तब्बल ६३ यार्ड लांब गेली आणि वारा तर समोरून होता. एवढा लांब पास हा छोटा काय फेकणार, असं मायामीच्या राखणदारांना वाटलं. त्यांनी बॉस्टनच्या जेरार्ड फेलनला खुशाल आपल्या मागे जाऊ दिलं.

डगनं सगळा जोर लावून चेंडू भिरकावला. तो उंच गेला, राखणदारांच्या हातांवरून निसटला आणि थेट फेलनच्या पोटाशी विसावला! पंचांनी दोन्ही हात वर केले. टचडाऊन! बॉस्टन ४७, मायामी ४५. आणि गंमत माहीत आहे? हा फेलन म्हणजे डगचा खोलीतला सोबती!

त्या वर्षी कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी डगलाच मिळाली. १९७१ नंतर पहिल्यांदाच ती एका क्वार्टरबॅकच्या हाती आली. पण ती काही एका पासची कमाई नव्हे हं! चार वर्षांत त्याच्या पासांनी मिळवलेलं अंतर १०,५७९ यार्ड भरलं, म्हणजे साडेनऊ किलोमीटरांहून जास्त. दहा हजारांचा टप्पा ओलांडणारा तो कॉलेज फुटबॉलमधला पहिलाच क्वार्टरबॅक.

मग तरी उंचीचं तुणतुणं थांबलं का? छे! १९८५ मध्ये व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा डगचा नंबर लागला २८५ वा. अमेरिकेत नीट संधी मिळेना, तेव्हा १९९० मध्ये तो कॅनडात गेला. तिथल्या आठ मोसमांत तो सहा वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि तीनदा त्यानं ग्रे कप जिंकला. १९९८ मध्ये तो अमेरिकेत परतला आणि छत्तिसाव्या वर्षी तिथल्या निवडक ताऱ्यांच्या ‘प्रो बोल’ संघात जाऊन बसला! १ जानेवारी २००६ ला, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यानं चेंडू जमिनीवर टप्पा पाडून लाथेनं गोलखांबांमधून धाडला. त्या लीगमध्ये अशी ‘ड्रॉप किक’ १९४१ नंतर कुणाला साधली नव्हती. त्याच वर्षी तो निवृत्त झाला.

बॉस्टन कॉलेजच्या स्टेडियमबाहेर २००८ पासून डगचा पुतळा उभा आहे, तोच पास फेकण्याच्या पवित्र्यातला. तेव्हा दोस्तांनो, तुम्हाला कुणी ‘ए बुटक्या’ म्हणून संघाबाहेर बसवलं, तर रडत घरी जाऊ नका. बाकावर बसा, खेळ नीट बघा, सराव चालू ठेवा. आत जायची हाक कधी येईल, सांगता येत नाही!