शर्करेची नवी वाट : वायू, वीज आणि बंगळुरू

‘शर्करा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ खडे अथवा वाळूचे कण असा आहे. उसाचा रस आटवून मिळणाऱ्या कणीदार पदार्थाला तो लागला आणि पुढे फारसी, अरबी व लॅटिन या भाषांतून प्रवास करीत युरोपातील बहुतेक भाषांत स्थिरावला. शब्दाने अनेक देश पालटले, तरी वस्तूचे जन्मस्थान एकच राहिले. ते म्हणजे वनस्पतीचे हिरवे पान. हवेतील कार्बन डायऑक्साइड व मुळांनी शोषलेले पाणी यांपासून सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने साखर घडविण्याचे हे काम विजेच्या बळावर पानाबाहेर करता येईल काय, हा प्रश्न आता रसायनशास्त्रज्ञांपुढे आहे.

ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६ अणू विशिष्ट क्रमाने जोडलेले असतात. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत एकच असतो. असे ६ रेणू घेऊन त्यांचे ग्लुकोज करावयाचे तर एकूण २४ इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. पान ते प्रकाशाच्या बळावर पाण्यातून काढते. विद्युत् घटात हेच काम वीज करते. पहिली पायरी तुलनेने सोपी आहे. एका रेणूला २ इलेक्ट्रॉन दिले की कार्बन मोनॉक्साइड, ६ दिले की मिथेनॉल मिळते. खरी अडचण जोडणीची आहे. अक्षरे हाती आली म्हणून शब्द सिद्ध होत नाही, तसेच हे होय. रशियन रसायनज्ञ बुटलेरोव यांनी १८६१ मध्ये फॉर्माल्डिहाइडवर चुन्याच्या निवळीची क्रिया करून गोड पाक मिळविला होता. परंतु तो अनेक शर्करांचे मिश्रण होता, आणि त्यात डाव्या व उजव्या घडणीचे रेणू सरमिसळ झालेले होते. शरीराला पोसणारे ग्लुकोज केवळ उजव्या घडणीचे असते. ही निवड एंझाइमे अचूक करतात. म्हणून पुढील टप्पा बहुधा त्यांच्याकडे अथवा सूक्ष्मजीवांकडे सोपविला जातो.

बंगळुरूतील जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात सेबास्टियन पीटर व त्यांचे सहकारी यांनी कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल बनविणाऱ्या उत्प्रेरकांवर काम केले आहे. त्यातून उभी राहिलेली ‘ब्रीद’ ही संस्था २०१८ मध्ये कार्बन एक्सप्राइझ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम १० स्पर्धकांत होती. हे मिथेनॉल साखर नव्हे. ते इंधन व औद्योगिक कच्चा माल म्हणून उपयोगी पडते. तथापि २०२१ मध्ये चीनमधील त्यानजिन येथील संशोधकांनी कार्बन डायऑक्साइडपासून प्रथम मिथेनॉल व त्यापासून एंझाइमांच्या साहाय्याने स्टार्च तयार केला. या मार्गात ११ मुख्य अभिक्रिया होत्या. २०२२ मध्ये दुसऱ्या चिनी गटाने विजेच्या साहाय्याने ॲसिटिक आम्ल बनवून ते यीस्टला खाऊ घातले आणि ग्लुकोज मिळविले. म्हणजे बंगळुरूत ज्या पदार्थाशी काम थांबते, तो त्यानजिनच्या वाटेवरील पहिला मुक्काम आहे.

आता या साखरेचा हिशेब पाहिला पाहिजे. १ किलोग्रॅम ग्लुकोजसाठी सुमारे १.४७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. त्या ग्लुकोजमध्ये साठणारी ऊर्जा सुमारे ४.४ युनिट विजेइतकी असते. कसलीही गळती झाली नाही, असे मानले तरी एवढी वीज लागणारच. कोळशाच्या वीजकेंद्रातून एका युनिटमागे सुमारे १ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा कोळशाच्या विजेवर साखर केली, तर दीड किलो वायू बांधण्यासाठी ४ किलोहून अधिक वायू सोडावा लागेल. अशा साखरेला हवा शुद्ध करणारी म्हणणे हा शब्दांचा अपप्रयोग ठरेल.

महाराष्ट्रात आडसाली ऊस १६ ते १८ महिने शेतात उभा राहतो आणि तेवढा काळ पाणी पितो. हे पाणी व ही जमीन मोकळी होईल, ही नव्या वाटेची खरी आशा आहे. परंतु सूर्यापासून वीज घ्यावयाची तर तिलाही जागा लागते. बंगळुरूच्या उत्तरेस तुमकूर जिल्ह्यातील पावगड या दुष्काळी तालुक्यात २०५० मेगावॅट क्षमतेचा सौर प्रकल्प सुमारे १३,००० एकरांवर पसरला आहे, आणि ती जमीन शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेतलेली आहे. पाण्यावाचून पडीक राहणारी जमीन येथे उपयोगी पडते, हा लाभ मोठा आहे. पण त्या जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीन मजुराला भाडे मिळत नाही. पानाचे काम यंत्राने घेतले, तरी जमीन कोणाची व तिच्यावर पोट कोणाचे, हा प्रश्न नव्या साखरेलाही सोडवावा लागणार आहे.