हुकूम आणि ठोके : छोट्या सीएनसी यंत्राची जुळवणी

लाकडावर अक्षरे आणि नक्षी कोरणारी छोटी सीएनसी यंत्रे आता हौशी कारागिरांच्या घरी आणि काही शाळांच्या कार्यशाळांतही दिसतात. सुटे भाग आणून ती जोडणे फार कठीण नाही. घोडे अडते ते पुढे. मोटर गुरगुरते पण फिरत नाही. शंभर मिलिमीटर सांगावे तर दोनशे जाते. नाहीतर गाडा टोकाला जाऊन आदळतो. यंत्र बिघडले असे आपल्याला वाटते. पण पुष्कळदा संगणक आणि मोटर यांची बोलीच जुळलेली नसते.

आकड्यांच्या हुकुमावर चालणारे यंत्र अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९५२ साली दाखविले गेले. त्याचे हुकूम भोके पाडलेल्या पट्टीवर असत. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापला. तेथे २००२ साली एमआयटीच्या साहाय्याने फॅब लॅब उभी राहिली. म्हणजे ही विद्या खेड्यातल्या मुलांना परकी नाही.

आता बोली कशी असते ते पाहा. संगणकातला हुकूम एका छोट्या नियंत्रक पाटीकडे जातो. आर्डुइनो पाटीवर चालणारी 'जीआरबीएल' ही प्रणाली त्यासाठी फुकट मिळते. पाटीतून प्रत्येक मोटरच्या ड्रायव्हरला मुख्य दोन इशारे जातात : एक ठोक्याचा, दुसरा दिशेचा. रोवणी करताना बाई बांधीत एकेक पाऊल मागे सरते, तशी ही मोटर दर ठोक्याला एकेक पाऊल फिरते.

मग किती ठोक्यांना किती अंतर? साध्या मोटरचा एक फेरा २०० पावलांचा. ड्रायव्हरवरच्या खटक्यांनी प्रत्येक पावलाचे ८ भाग केले, तर एका फेऱ्याला १,६०० ठोके. स्क्रू एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकत असेल, तर १,६०० भागिले ८, म्हणजे मिलिमीटरला २०० ठोके. हाच आकडा प्रणालीत भरायचा. पण खटके चुकून ४ भागांवर राहिले, तर शंभराऐवजी दोनशे मिलिमीटर अंतर कापले जाईल. म्हणून अंतर नेमके दुप्पट किंवा निम्मे आले, की आधी खटके पाहावेत. गाडा उलट्या बाजूला गेला, तर दिशेची नोंद उलटी करावी.

ठोका फार आखूड असला, तर काही ड्रायव्हरांना तो ऐकूच येत नाही. जीआरबीएलचा ठोका मुळात १० मायक्रोसेकंदांचा असतो. ड्रायव्हरच्या माहितीपत्रकाशी तो ताडून घ्यावा. वेग एकदम वाढविला, तर मोटर पावले चुकते, आणि साध्या रचनेत संगणकाला ते कळत नाही. तो आपला पुढचा हुकूम सोडीत राहतो, आणि लाकूड वाया जाते. म्हणून वेगवाढ सुरुवातीला कमी ठेवावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे टोकाचे खटके. रेल्वेचा जुन्या पद्धतीचा हाताचा सिग्नल असा केलेला असे, की तार तुटली तर हात आपल्या भारानेच 'थांबा' दाखवी. गोंदियासारख्या जंक्शनच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. तोच नियम येथे लावा. खटका असा जोडा, की एरवी त्यातून वीज वाहत राहील आणि दाबला की तुटेल. मग उंदराने वायर कुरतडली तरी यंत्र थांबेल. उलट जोडणीत वायर तुटल्याचे कोणालाच कळणार नाही, आणि गाडा आदळेल तेव्हाच उमगेल. ही जोडणी केल्यावर खटक्याची नोंदही प्रणालीत उलटी करावी लागते, हे विसरू नका. इशाऱ्यांच्या वायरी कापणाऱ्या मोटरच्या वायरीपासून दूर ठेवा. नाहीतर खोटेच इशारे उठतात.

आणीबाणीचे लाल बटण मात्र संगणकाच्या भरवशावर ठेवू नये. संगणक अडकला तरी त्या बटणाने मोटरांची आणि कापणाऱ्या हत्याराची वीज थेट तुटली पाहिजे. मुलांची बोटे जवळपास असतात, तेथे याला पर्याय नाही.

पहिली चाचणी हत्यार न लावता घ्या. गाडा मध्यावर असताना १० मिलिमीटर सरकवा आणि पट्टीने मोजा. नंतर तो हळू चालता असतानाच टोकाचा खटका बोटाने दाबून पाहा. यंत्र तेथल्या तेथे थांबले पाहिजे. सर्व दिशांना हे जमले, की मगच हत्यार बसवा.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वरचा भागाकार मुलांकडूनच फळ्यावर करवून घ्यावा, आणि भरलेले सर्व आकडे एका वहीत लिहून ती वही यंत्रापाशीच ठेवावी. पुढे पाटी बदलावी लागली, तर त्या वहीवरून यंत्र पुन्हा गावातच जुळविता येईल.