वीट रचण्याआधी ऊर्जेचा हिशोब

विजेचे बिल आपण महिनाअखेरीस पाहतो. पण त्याचा पाया घराचा नकाशा कागदावर उतरतो तेव्हाच घातला जातो. पश्चिमेला मोठी काच बसवली, की ती पुढची कित्येक वर्षे दुपारचे ऊन आत घेत राहते. मग वीट रचण्याआधीच घराची ऊर्जेची गरज सांगता येईल का?

उष्णतेची गणिते करणारी संगणक-प्रणाली ती सांगते. पण नकाशात बदल केला, की सारे गणित पुन्हा मांडावे लागते. इथे 'मशीन लर्निंग' म्हणजे यंत्रशिक्षण उपयोगी पडते. अनुभवी गवंडी जागा पाहूनच सिमेंटच्या गोण्यांचा अंदाज सांगतो, कारण त्याने शेकडो घरे पाहिलेली असतात. यंत्रालाही तशीच उदाहरणे दाखवायची.

अथानासिओस त्सानास आणि अँजेलिकी झिफारा या संशोधकांनी २०१२ साली हेच केले. त्यांनी अथेन्समधील घरांचे १२ आकार कल्पिले. सर्वांचे घनफळ सारखेच, ७७१.७५ घनमीटर, बाह्य पृष्ठभाग मात्र वेगवेगळा. काचेचे प्रमाण, तिची मांडणी आणि घराची दिशा बदलत ७६८ घरे तयार झाली. प्रत्येक घर उबदार व थंड ठेवण्यासाठी किती ऊर्जा लागेल, हे संगणक-प्रणालीने काढले.

हे आकडे 'रँडम फॉरेस्ट' या पद्धतीला शिकवले. फॉरेस्ट म्हणजे जंगल. यातले प्रत्येक झाड म्हणजे प्रश्नांची मालिका. घराची उंची किती? काच फरशीच्या क्षेत्रफळाच्या किती टक्के? झाडागणिक प्रश्न वेगळे, उत्तरही थोडे वेगळे. त्या उत्तरांची सरासरी हा अंतिम अंदाज. उष्णतेच्या गरजेचे आकडे साधारण ६ ते ४३ च्या दरम्यान होते. त्यात सरासरी चूक निघाली अवघी अर्ध्या अंकाची. थंडाव्याच्या अंदाजात ती सुमारे दीड अंक होती.

मात्र, ही घरे जमिनीवर कुठेच उभी नव्हती. यंत्राचा अंदाज जुळला तो संगणकाच्या गणिताशी, राहत्या घराच्या मीटरशी नव्हे. त्या गणितात प्रत्येक घरी सात माणसे स्वस्थ बसलेली धरली होती. आपल्या घरात कुणाला पंखा सोसत नाही, कुणाला एसीशिवाय झोप येत नाही. शिवाय अथेन्सच्या हवेवर शिकलेले यंत्र नागपूरच्या मे महिन्यात फसणारच.

आपल्याकडे २०१८ साली निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आली. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिने मर्यादा घालून दिली. तिच्या जोडीला असे यंत्र हवे असेल, तर त्याला आपल्याच गावांतल्या घरांची मापे, तिथली हवा आणि तिथल्या मीटरचे आकडे शिकवावे लागतील. न पाहिलेल्या घराचा अंदाज गवंडीही सांगतो. पण न पाहिलेल्या मुलखाचा सांगताना तोही बिचकतो. यंत्राला ते बिचकणे ठाऊक नसते. म्हणून त्याचा आकडा ऐकताना, ते कुठल्या घरांवर शिकले आहे, हे आधी विचारावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)