पाऊस कुठे धरलास?

आठ मिलीमीटर जाड, सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद पोलादी प्लेट. वजन किती? जहाजाच्या खर्चाचं एस्टिमेट शिकताना पहिल्यांदा असले हिशेब बसवावे लागतात. घनमीटरला 7,850 किलो धरले की 754 किलोच्या आसपास उत्तर येतं. त्यावर कापण्यात वाया जाणारा माल, वेल्डिंगचे रॉड, मजुरीचे तास. गणित दहावीच्या पुढचं नाही. थोड्याच दिवसांत हात बसतो.

घोडं अडतं ते पुढे. रत्नागिरीत ते जूनमध्ये अडतं.

रंगाचंच घ्या. ब्लास्टिंग करून प्लेट लख्ख केली की काही तासांत पहिला हात चढवायला हवा, नाहीतर पुन्हा गंज धरतो. आणि हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर गेली की रंग थांबवायचा, हा नेहमीचा दंडक. मिऱ्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दुसरी कसली हवा असणार? नवशिका मात्र 'रंगकाम : 30 दिवस' लिहून मोकळा होतो. जुना एस्टिमेटर कागद परत सरकवतो. "पाऊस कुठे धरलास?"

मग एका आकड्याचे तीन होतात. सगळं सुरळीत झालं तर 20 दिवस, बहुधा 30, पाऊस नडला तर 60. तिघांची सरासरी जवळपास 37. काम लवकर उरकायला मर्यादा असते, लांबायला नसते. अशा शेकडो कामांच्या पल्ल्यांतून एकेक आकडा उचलून बेरीज करायची आणि संगणकावर हाच खेळ हजारो वेळा मांडायचा, ही मॉन्टे कार्लो पद्धत. तिच्यातून एकच किंमत निघत नाही; अमुक रकमेत काम भागण्याची शक्यता किती, ते कळतं.

खरी गोम इथेच आहे. सांगितलं नाही तर संगणक प्रत्येक काम सुटं समजतो. प्रत्यक्षात रंग आणि उघड्यावरचं वेल्डिंग एकाच पावसाने अडतं, आणि जरा उघडीप मिळते तोच गणपती येतात. गणपतीला कोकणातला कामगार यार्डात सापडेल असं धरणाऱ्याने एस्टिमेट करूच नये.

संरक्षण खरेदीत असली चूक कोटींत मोजतात. रशियाकडून घेतलेल्या 'विक्रमादित्य' या विमानवाहू जहाजाचा 2004 चा सौदा 97.4 कोटी डॉलरचा. जुनं जहाज उघडल्यावर केबलचंच काम अंदाजाच्या कितीतरी पट निघालं. 2010 पर्यंत किंमत 230 कोटी डॉलरच्या पुढे गेली. माझगाव डॉकमधल्या सहा स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार 2005 चा. 18,798 कोटी रुपयांचे पुढे 23,562 कोटी झाले आणि 2012 मध्ये अपेक्षित असलेली पहिली पाणबुडी 'कलवरी' 14 डिसेंबर 2017 ला नौदलात आली.

उशिराचा भार बांधणाऱ्यावरही पडतो: व्याज चालू, पगार चालू, हप्ता मात्र पुढचा टप्पा पुरा झाल्यावरच. कोस्ट गार्डच्या बोटी बांधणाऱ्या भारती शिपयार्डचं एक यार्ड मिऱ्यालाच. ही कंपनी कर्जात बुडून 2019 मध्ये अवसायनात गेली. एवढी मोठी पडझड एका एस्टिमेटच्या माथी मारता येणार नाही, पण शिकणाऱ्याला उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही.

सरकारी बाजूलाही हीच कसरत असते. वाटाघाटी करणारी समिती विक्रेत्याचा दर उघडण्याआधी आपला वाजवी आकडा ठरवून ठेवते. तो आधी ठरवायचा, कारण समोरचा दर एकदा डोळ्यांखालून गेला की आपला आकडा नकळत त्याच्याकडे सरकतो.

नवशिक्याचा कागद दुसऱ्यांदा येतो. रंगकामासमोर आता तीन आकडे आहेत, गणपतीचे दिवसही धरलेत. जुना एस्टिमेटर चष्मा वर सारतो. "बरं. आणि उशीर झाला तर एलडी, म्हणजे दंड, किती कापतील, तो आकडा कुठाय?"