हलक्या क्रीडामोटारीच्या मागील सस्पेन्शनमधील बुश : झीज व बदल

मोटारीच्या चाकाकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा केल्या जातात. रस्त्यातील खाचखळग्यांप्रमाणे त्याने वर-खाली मोकळेपणाने हलावे. परंतु पुढे-मागे अथवा आडवे मात्र तसूभरही सरकू नये. ज्या सांध्यावर हा विरोध मिटवावयाचा, तो सांधा निखळ लोखंडाचा केला तर रस्त्यावरील प्रत्येक खड्याचा आवाज बसणाऱ्याच्या हाडांपर्यंत पोचतो. आणि अगदी मऊ केला तर चाक आपल्या मर्जीने वळू लागते. ह्या पेचातून वाट काढणारी वस्तू अंगठ्याएवढ्या जाडीची व किमतीने क्षुल्लक अशी आहे. तिला बुश म्हणतात.

हा शब्द मराठी गॅरेजांत इतका रुळला आहे की त्याचे मूळ कोणी विचारीत नाही. इंग्रजीत झुडुपाला हाच शब्द आहे. परंतु त्याचा येथे काही संबंध नाही. यंत्रातील बुश हा शब्द इंग्रजीने डच भाषेतील ‘बुसे’ ह्या शब्दावरून घेतला. त्याचा अर्थ डबी, किंवा चाकाच्या तुंब्यात बसविलेली नळी. डच शब्दाचा माग काढीत गेल्यास लॅटिनमधून ग्रीकमधील ‘पुक्सिस’ म्हणजे लाकडी डबी ह्या शब्दापाशी आपण पोचतो, आणि ती डबी ज्या लाकडाची करीत ते लाकूड एका झुडुपाचेच असते, हा मात्र योगायोग मौजेचा आहे. बैलगाडीच्या तुंब्यात कण्याभोवती जी लोखंडी नळी बसवितात, तिचे आणि मोटारीच्या बुशाचे कुळ ह्या अर्थाने एकच होय. ‘सस्पेन्शन’ ह्या शब्दासाठी परिभाषाकारांनी ‘निलंबन’ हा शब्द सुचविला आहे; परंतु मराठी वाचकाच्या मनात त्या शब्दाने प्रथम एखाद्या कारकुनाचे चित्र उभे राहते, मोटारीचे नव्हे. म्हणून ह्या लेखात कारागिरांच्या तोंडचाच शब्द ठेवला आहे.

उदाहरणादाखल माझ्दा कंपनीची एम्‌एक्स-५ ही गाडी घेणे सोयीचे आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. दोन आसने, उघडे छप्पर, पुढे इंजिन, मागच्या चाकांना गती आणि साडेनऊशे किलोग्रॅमच्या आसपास वजन, असा तिचा बेत होता. १९६२ साली निघालेल्या लोटस एलान ह्या ब्रिटिश गाडीचा आदर्श तिच्या जपानी रचनाकारांपुढे होता, हे सर्वश्रुत आहे. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, ही जुनी जपानी कल्पना त्यांनी आपले सूत्र म्हणून स्वीकारली. एप्रिल २०१६ मध्ये ह्या मालिकेतील दहा लाखावी गाडी तयार झाली. मात्र पहिल्या पिढीचे उत्पादन १९९७ मध्ये संपले असल्यामुळे त्या पिढीतील सर्वांत तरुण गाडीही आता पाव शतकाहून जुनी आहे, आणि तिच्यातील मूळ रबर तितकेच जुने आहे.

ह्या गाडीच्या प्रत्येक चाकाला एक वरचा व एक खालचा असे दोन आर्म आहेत. आर्मचा आकार बेचकीसारखा असतो. इंग्रजीत त्याला पक्ष्याच्या छातीतील दुबेळक्याच्या हाडाचे नाव आहे. बेचकीची दोन टोके गाडीच्या सांगाड्याकडे आणि तिसरे टोक चाकाकडे. ह्या टोकांशी बुश असतात. बाहेर एक पोलादी नळी, आत दुसरी बारीक पोलादी नळी, आणि दोहोंच्या मध्ये दोहोंनाही चिकटविलेले रबर, अशी त्याची घडण असते. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसविलेली असते आणि आतली नळी बोल्टने सांगाड्याला आवळलेली असते. आर्म हलतो तेव्हा ह्या नळ्या एकमेकींवर घसरत नाहीत. मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा पूर्वस्थितीला येते. ही गोष्ट ध्यानात न राहिल्यामुळेच पुढे सांगावयाची मोठी चूक घडते.

रबर म्हातारे झाले म्हणजे त्यास भेगा पडतात, ते नळीपासून सुटते, आणि आतली नळी मध्यापासून ढळते. पुढच्या चाकांच्या बाबतीत हे सुकाणूच्या हातात जाणवते. मागच्या चाकांना सुकाणू नसल्यामुळे तेथील दोष उशिरा आणि वाईट वेळी कळतो. समजा, खालच्या आर्मच्या आतील दोन बुशांमध्ये तीस सेंटिमीटर अंतर आहे आणि त्यांतील एक बुश एक मिलिमीटर आडवा सरकू देतो. टायरचा व्यास सुमारे अठ्ठावन्न सेंटिमीटर असल्यामुळे टायरच्या पुढच्या व मागच्या कडांच्या जागेत सुमारे दोन मिलिमीटरांचा फरक पडतो. मागची चाके किंचित आत वळलेली असावीत म्हणून जी काळजीपूर्वक जुळणी करतात, ती मुळी काही थोड्या मिलिमीटरांचीच असते. म्हणजे एका बुशाच्या एका मिलिमीटराने ती बरीचशी खाऊन टाकली.

ह्याहून गंभीर गोष्ट अशी की हा फरक स्थिर नसतो. गती देताना चाक गाडीला पुढे रेटते, तेव्हा सैल बुशामुळे त्याची पुढची कड आत वळते. गाडी स्थिर वाटते. चालकाने वळणावर एकाएकी पाय उचलला अथवा ब्रेक लावला की चाक मागे ओढले जाते आणि तीच कड बाहेर वळते. वळणाच्या बाहेरील बाजूच्या चाकावर त्या क्षणी सर्वाधिक भार असतो. ते बाहेर वळले की गाडीची शेपटी बाहेर झुकते. ओल्या रस्त्यावर घाबरून पाय उचलणाऱ्या चालकाला गाडी नेमक्या त्याच क्षणी दगा देते. ‘मागून कोणी तरी सुकाणू धरले आहे’ अशी जी तक्रार अशा गाड्यांविषयी होते ती अलंकारिक नाही, अक्षरशः खरी आहे. ह्याखेरीज टायरची आतील कड लवकर झिजणे, गिअर घालताना मागे ठक्‌ असा आवाज येणे, आणि जुळणी करून आणली तरी ती न टिकणे, ही लक्षणे आहेत. पहारीने आर्मला हलकेच टेकू देऊन पाहिल्यास नळी किती सरकते ते डोळ्यांनी दिसते.

काम करावयाचे ठरले म्हणजे गाडी सपाट जागी उभी असतानाच चाकाच्या मध्यापासून वरील कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. त्याचा उपयोग शेवटी होतो. गाडी उचलल्यावर ती केवळ जॅकवर सोडून तिच्याखाली कदापि शिरू नये. मजबूत घोड्यांवर ती टेकवावी आणि धक्का देऊन पाहावी. खालच्या आर्मच्या आतील दोन्ही बोल्टांना उत्केंद्री चकत्या असतात. त्या फिरवूनच चाकाचा कल व रोख जुळवितात. त्यांची मूळ जागा छिन्नीच्या खुणेने अथवा रंगाने नोंदवून ठेवावी. ब्रेकचा कॅलिपर सोडल्यास तो तारेने बांधून टांगावा. त्याचे वजन रबरी नळीवर पडू देऊ नये.

खरी कसोटी खालच्या आर्मच्या बाहेरील टोकास लागते. तेथे एक लांब बोल्ट चाकाच्या वाहकातून आरपार जातो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारे पाणी बोल्ट आणि आतली नळी ह्यांच्या फटीत शिरते आणि दोघांना गंजाने एकजीव करते. नट सहज निघतो, बोल्टचे डोके फिरतेही. आणि नवखा कारागीर हर्ष मानतो. पाना सोडताच डोके परत आपल्या जागी येते. बोल्ट फिरलाच नव्हता. त्याच्याबरोबर नळी फिरली आणि रबर पिळले गेले, एवढेच. ह्या क्षणी हातोड्याचा मोह आवरला पाहिजे, कारण आटे चेपले की उरलेला मार्गही बंद होतो. कित्येक दिवस अगोदरपासून गंज सोडविणारे तेल घालीत राहावे. उष्णतेनेही पुष्कळदा काम होते. परंतु ह्या गाडीची पेट्रोलची टाकी आसनांच्या लगेच पाठीमागे आहे आणि जळत्या रबराचा धूर विषारी असतो, हे विसरून ज्योत पेटविणे हा अविचार होय. शेवटचा आणि बहुधा सर्वांत शहाणपणाचा उपाय म्हणजे आर्म आणि वाहक ह्यांच्यामधील फटीतून करवतीने बोल्ट दोन्हीकडे कापून काढणे. नवा बोल्ट आधीच आणून ठेवला असला म्हणजे हा निर्णय जड जात नाही.

जुना बुश बाहेर ढकलण्यास प्रेस उत्तम; नसल्यास शेगडा, म्हणजे व्हाइस, आणि योग्य मापाच्या दोन नळ्या पुरतात. आर्म पोलादी पत्र्याचा असल्यामुळे त्याचे कान चेपणार नाहीत असा आधार आतून द्यावा. रबर निघून बाहेरची नळी अडकून राहिली तर ती आतून करवतीने लांबीच्या दिशेने चिरावी, मात्र आर्मच्या भोकाला ओरखडा पडण्यापूर्वी थांबावे. नवा बुश बसविताना दाब बाहेरच्या नळीवरच पडला पाहिजे. आतल्या नळीवर दाबल्यास नवे रबर बसण्यापूर्वीच फाटते. घर्षण कमी करण्यास साबणाचे पाणी चालते. खनिज तेल वा ग्रीस चालत नाही, कारण नैसर्गिक रबर त्याने फुगते व सडते.

आता त्या मोठ्या चुकीकडे वळावयाचे. चाके लोंबकळत असतानाच सर्व बोल्ट पूर्ण आवळून टाकण्याची प्रवृत्ती स्वाभाविक आहे, कारण तेव्हा हात पोचतो. परंतु आवळताच आतली नळी सांगाड्याशी खिळली जाते, आणि रबराची विश्रांतीची स्थिती तीच ठरते. आर्म पस्तीस सेंटिमीटर लांब धरला आणि चाक नऊ सेंटिमीटर खाली लोंबत असले, तर हा फरक सुमारे पंधरा अंशांचा होतो. गाडी जमिनीवर आली की रबर पंधरा अंश पिळलेले, आणि उभ्या गाडीतही पिळलेलेच राहावयाचे. नवे बुश अल्पावधीत फाटतात आणि दोष मालाला दिला जातो. म्हणून प्रथम बोल्ट केवळ लावावेत. मग आर्मखाली जॅक देऊन आरंभी लिहून ठेवलेले अंतर येईपर्यंत चाक उचलावे, किंवा गाडी चाकांवर उतरवून फळ्यांवर चढवावी, आणि मगच ते आवळावेत. इंग्रजीत ह्या दोन्ही क्रियांना बहुधा एकच क्रियापद वापरतात. मराठी कारागिराच्या बोलीत ‘लावणे’ आणि ‘आवळणे’ हे वेगळे आहेत. सूचनापत्रे मराठीत लिहिणाऱ्यांनी हा भेद गमावता कामा नये.

रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश बसविण्याची चाल शर्यतीच्या हौशी मंडळींत आहे. त्यांत आर्म आतल्या नळीभोवती खरोखरच फिरतो. पीळ नसल्यामुळे वरील चूक तेथे संभवत नाही, आणि चाकाचा रोखही अधिक ठाम राहतो. परंतु त्यांना वंगण लागते, ते सुकले की करकरतात, आणि रस्त्याची खरखर गाडीत आणतात. रोज वापरावयाच्या गाडीस मूळ जातीचे रबरच शोभते, कारण रचनाकारांनी स्प्रिंगांचा मऊपणा त्या रबराला गृहीत धरूनच ठरविलेला असतो.

जोडणी झाल्यावर खुणांवरून गाडी जुळणीच्या ठिकाणी हळू नेण्याइतकी सरळ होते, त्याहून अधिक नाही. जुळणी करताना चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाचा भार ठेवावा, असे जाणकार सांगतात. साडेनऊशे किलोग्रॅमच्या गाडीत पंचाहत्तर किलोग्रॅमचा मनुष्य म्हणजे जवळजवळ आठ टक्के. जड गाडीत जे दुर्लक्षिता येते ते येथे येत नाही. काही शे किलोमीटर चालवून झाल्यावर बोल्टांचा आवळ पुन्हा तपासावा, आणि तोही चाके जमिनीवर असतानाच.