खिडकीबाहेर काय दिसतं?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात एकाच बाजूला ओळीने खोल्या होत्या. खोल्या जवळजवळ सारख्या, परिचारिकाही त्याच. फरक होता तो खिडकीबाहेर. काही खिडक्यांतून झाडं दिसत, तर काहींसमोर तपकिरी विटांची भिंत होती. रिकामी असेल ती खोली रुग्णाला मिळे. रॉजर उलरिच या संशोधकांना त्यात आयता प्रयोग सापडला. १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशय काढलेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. झाडांवर पानं असतात ते मे ते ऑक्टोबर एवढेच महिने धरले. वय, लिंग, धूम्रपानाची सवय अशा गोष्टी जुळवून २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतला एक रुग्ण झाडांसमोरचा, दुसरा भिंतीसमोरचा.

‘सायन्स’ या नियतकालिकात १९८४ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर भिंतीसमोरचे रुग्ण सरासरी ८.७० दिवस रुग्णालयात राहिले, झाडांसमोरचे ७.९६ दिवस. झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. रुग्ण अस्वस्थ आहे, रडतो आहे, त्याला सारखा धीर द्यावा लागतो, अशा अर्थाचे परिचारिकांचे शेरेही त्यांच्या बाबतीत कमी होते. अवघ्या ४६ रुग्णांचा हा अभ्यास. त्यावरून सरसकट नियम काढता येणार नाही. पण भोवतालच्या जागेचा मनावर आणि शरीरावर होणारा परिणाम मोजता येतो, हे त्याने दाखवून दिलं.

खिडकीतून दृश्याबरोबर उजेडही येतो, आणि त्याचं काम वस्तू दाखवून संपत नाही. ब्राउन विद्यापीठातल्या डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की दृष्टिपटलातल्या काही चेतापेशी स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात. अशा पेशी माणसाच्या डोळ्यातही आहेत. त्यांच्यात मेलॅनोप्सिन हे प्रथिन असतं आणि निळसर उजेडाने त्या अधिक जाग्या होतात. समोर काय आहे यापेक्षा उजेड किती आहे, हे त्या मेंदूला कळवतात. मेंदूतलं जैविक घड्याळ या निरोपावर चालतं आणि झोप, जाग, दिवसभराची तरतरी त्या घड्याळावर.

या घड्याळाला उजेड भरपूर लागतो. घरात दिव्याखाली साधारण शंभर ते तीनशे लक्स प्रकाश असतो. बाहेर ढगाळ दिवशीही तो हजारो लक्स असतो, भर उन्हात लाखाच्या घरात जातो. डोळे सरावतात, म्हणून बंद खोलीही आपल्याला पुरेशी उजळ वाटते. शरीराच्या लेखी मात्र तिथे दिवस नीट उजाडलेलाच नसतो. मिलानच्या सॅन राफाएले रुग्णालयातल्या संशोधकांनी २००१ साली मनोविकार विभागातल्या नोंदी अभ्यासल्या. बायपोलर विकारात नैराश्य आलेल्या रुग्णांपैकी पूर्वेकडच्या, सकाळच्या उन्हाच्या खोल्यांतले रुग्ण पश्चिमेकडच्या रुग्णांपेक्षा सरासरी ३.६७ दिवस आधी घरी गेले. नैराश्याच्या दुसऱ्या प्रकारात असा फरक दिसला नाही. म्हणजे ऊन हे सर्व दुखण्यांवरचं औषध नव्हे. पण त्याला क्षुल्लकही म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट आहे ताब्याची. आपल्या जागेवर आपलं किती चालतं? न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातल्या दोन तऱ्हांच्या वसतिगृहांचा अभ्यास अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी १९७०च्या दशकात केला. एकात लांब बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या आणि ३४ विद्यार्थ्यांत मिळून न्हाणीघर व बैठकीची खोली. दुसऱ्यात चार ते सहा जणांच्या गटाला स्वतःची बैठक आणि न्हाणीघर. माणशी जागा जवळपास सारखीच. तरीही बोळातल्या मुलांना गर्दी जास्त जाणवे, आणि बाहेर गेल्यावरही ती अनोळखी माणसांपासून लांब बसत. गर्दी नुसत्या चौरस फुटांत मोजता येत नाही. कुणाला कधी भेटायचं आणि दार कधी लावून घ्यायचं हे हातात असेल, तर लहान जागाही सुसह्य होते. दहा बाय बाराच्या खोलीत दाराला लावलेला पडदा किंवा अभ्यासाचा ठरलेला कोपरा म्हणूनच मोलाचा असतो.

भिंतींच्या रंगांबद्दल मात्र फार मोठे दावे केले जातात. १९७९ साली सिॲटलमधल्या नौदलाच्या कोठडीला खास गुलाबी रंग दिला आणि कैदी शांत झाले, असं सांगितलं गेलं. अनेक तुरुंगांनी तो रंग उचलला. स्वित्झर्लंडमधल्या एका तुरुंगात काटेकोर चाचणी घेतली, तेव्हा त्याचा काहीच परिणाम आढळला नाही. तेव्हा मन प्रसन्न करणारा रंग म्हणून कुणी जादा पैसे मागितले, तर आधी पुरावा मागावा.

घर घेताना आपण कार्पेट एरिया, मजला, पार्किंग विचारतो. उजेड क्वचितच विचारतो. राष्ट्रीय इमारत संहिता दमट-उष्ण हवामानात खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या किमान एक षष्ठांश ठेवायला सांगते. पण समोरची इमारत खेटून उभी असेल, तर कागदावरची खिडकी कुणाच्याच उपयोगाची नाही. मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या कित्येक इमारती इतक्या जवळजवळ आहेत, की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. ज्यांना घर निवडण्याची मुभा नाही, त्यांच्याच वाट्याला असा अंधार येतो. हा अन्याय आहे आणि तो नकाशावरच टाळता येतो.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास होणार असेल, तर सर्वांत खालच्या मजल्यावर दिवसा किती उजेड येईल, हे वास्तुविशारदाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आवारातलं मोठं झाड वाचवता येत असेल, तर त्यासाठी आग्रह धरा. घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल, तर त्याची खाट आजच खिडकीपाशी सरकवा. यातल्या कशालाच फार खर्च येत नाही.