आधी बिल, मग खड्डा

कोअर मशिनने रस्त्यातून काढलेला डांबराचा गोल तुकडा शाखा अभियंत्यांनी फडक्याने पुसला आणि चार बाजूंनी पट्टी लावली. ५०, ४८, ४७, ४७. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, “पन्नास धरा ना साहेब.” साहेबांनी सरासरी काढली आणि ४८ लिहिले.

दोन मिलिमीटरने काय होते, असे कुणालाही वाटेल. सात मीटर रुंदीच्या एका किलोमीटरला तो फरक १४ घनमीटरचा पडतो. म्हणजे तीसेक टन माल. उलट जाडी ठरलेल्या ५० च्या वर गेली तरी पैसे पन्नासचेच. त्यामुळे पेव्हर चालवणाऱ्याचा हात सैल सुटत नाही, आणि आखडलाच तर तो कोअरमध्ये दिसतो.

सरकारचा पैसा रस्त्यावर येतो तो मंत्रालयातल्या घोषणेने नव्हे, या नोंदीने. तिची वही म्हणजे मोजमाप पुस्तिका. खात्यात सगळे तिला ‘एमबी’ म्हणतात. लांबी, रुंदी, जाडी, परिमाण असे रकाने. पानांना छापील क्रमांक असतात, पान फाडायचे नाही, खोडरबर लावायचा नाही. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ आणि बाजूला सही. हल्ली नोंदी संगणकावरही चढतात, पण शिस्त तीच. मग उपअभियंता काही मापे स्वतः पडताळतात, देयक विभागीय कार्यालयात जाते, लेखा शाखा ते पिंजून काढते आणि कार्यकारी अभियंत्यांची सही होते.

एवढे होऊनही पैसे मिळतीलच असे नाही. ‘बीम्स’ या संगणक प्रणालीवर त्या कामाच्या लेखाशीर्षाखाली निधी आलेला असावा लागतो. कुठलाही ठेकेदार दोन आकडे झोपेतही सांगेल: पन्नास चोपन्न आणि तीस चोपन्न. ५०५४ हे भांडवली शीर्ष. नवा रस्ता, रुंदीकरण, पूल. ३०५४ महसुली, देखभाल-दुरुस्ती बहुतेक त्यातून चालते. भूमिपूजनाचा नारळ पन्नास चोपन्नवर फुटतो. खड्डे बुजवले म्हणून फीत कापल्याचे मी तरी पाहिलेले नाही, आणि निधीची ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री कुठे लागते, हे वेगळे सांगायला नको.

राष्ट्रीय महामार्गांचा हिशेब निराळा. पेट्रोल-डिझेलवरचा उपकर २००० च्या कायद्याने रस्तेनिधीत जातो, टोल वेगळाच. हायब्रिड अॅन्युइटीच्या कामात केंद्र प्रकल्पखर्चाचे ४० टक्के बांधकाम चालू असताना देते. बाकीचे पैसे ठेकेदार कर्ज-भांडवलातून उभे करतो आणि पुढे वर्षानुवर्षे हप्त्यांनी वसूल करतो. देखभालही त्याच्याच गळ्यात असल्याने निकृष्ट काम त्यालाच महाग पडते. निदान कागदावर तरी.

राज्याच्या रस्त्यावर हे काम दोषदायित्व कालावधी करतो. त्या मुदतीत खड्डा पडला तर ठेकेदाराने पदरमोड करून भरायचा. म्हणून पावसाळ्यात तक्रार आली की साहेब आधी फाइलमधली काम पूर्ण झाल्याची तारीख बघतात. मुदत संपलेली असली की गाडी पुन्हा तीस चोपन्नपाशी येऊन थांबते. आणि मुदत चालू असली, पण मार्चअखेरीस निधी न आल्याने मागचे देयक थकलेले असले, तर ठेकेदार फोनवर म्हणतो, “साहेब, आधीचं बिल काढा, उद्याच माणसं पाठवतो.”